म्हैस विकली, दावे राहिले



ज्वारी घरात आली, कडबा गंजीला लागला. हरभऱ्याचेही बऱ्याच ठिकाणी उरकले असेल. चार दिवस उसंतीचे आहेत, तेव्हा आज पिकाचे नको. घरातलेच बोलू.

तुमच्या ओसरीवर एक बाज असेल. तिच्यावर तुमचे वडील, नाहीतर आई, नाहीतर एखादी चुलती बसलेली असेल. सकाळी तुम्ही रानात निघालात तेव्हा ते माणूस तिथेच होते, दिवेलागणीला परत आलात तेव्हाही तिथेच. दोन वेळा ताट मिळाले, चहा मिळाला, औषधाची गोळी मिळाली. कुणी वावगे बोलले नाही. उलट उठू लागले की घरातले कुणीतरी म्हणते, "बसा, बसा. लई केलंत जन्मभर. आता आराम करा."

हे बोलणे मायेचे असते, यात शंका नाही. पण याच मायेने आम्ही आमच्या आईला जवळजवळ अंथरुणाला खिळवले होते. ती हकीगत आज सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत आज तेच चालले असेल, म्हणून सांगतो.

आमचे गाव माण तालुक्यातले. 2018 साली पावसाने दगा दिला होता, हे तिकडच्या मंडळींना आठवत असेल. त्या श्रावणात आई गोठ्यात पाय घसरून पडली. वय बहात्तर. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. डॉक्टरांनी आठ दिवस जपायला सांगितले. आम्ही आठ महिने जपले.

पहिले काम काय केले, तर म्हैस विकली. 'आईच्या मागची यातायात नको' असे चार लोकांत सांगितले. खरे म्हणाल तर वैरणीची पंचाईत होती. म्हैस केव्हातरी विकावी लागणारच होती, आईच्या पडण्याचे निमित्त झाले. तिला विचारले नाही. व्यापारी दारात आला तेव्हाच तिला कळले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून ती आत गेली. बोलली काही नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. नातेवाईक भेटायला आले, गप्पा झाल्या. मग ती भिंतीला धरून चालू लागली. मग देवळात जायचे सोडले. दुपारभर डुलक्या घ्यायच्या आणि रात्र रात्र जागायचे, असे सुरू झाले. जेवण अर्ध्या भाकरीवर आले. बोलणे तर इतके कमी झाले की नातवंडे तिच्याजवळ जाईनाशी झाली. आम्ही भाऊ आपसांत म्हणायचो, "वय झालं आता. असंच चालायचं."

त्या थंडीत आणखी एक गोष्ट घडली. आईची धाकटी बहीण दोन कोसांवरच्या गावात दिलेली. तिच्या आजारपणाचा निरोप आला. आई लुगडे बदलून निघाली. आम्हीच अडवले. एस्टीत चढताना पडलीस म्हणजे? थांब जरा, मावशीला बरे वाटले की तिलाच इकडे आणू. माघात मावशी गेली. मग आम्ही जीप करून आईला नेले, तोंड बघायला. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, "तुमच्या आरामापायी माजी भन भेटायची ऱ्हायली."

या वाक्याला उत्तर नव्हते. आजही नाही.

त्याच रात्री घरात वादावादी झाली. माझी बायको एरवी थोरल्या दिरासमोर बोलत नाही. पण त्या रात्री बोलली, "म्हस विकली आन् दावं आत्याबाईंच्या गळ्यात अडकवलं तुमी."

तिचे म्हणणे पटायला मला चार दिवस लागले. मग आम्ही शहाणपणा करायला गेलो, तोही उलटाच झाला. आईचा वेळ जावा म्हणून टीव्ही तिच्या खोलीत नेला, जपमाळ आणली. वहिनीने मुद्दाम डाळ निवडायला दिली. आईने सुपात दोनदा हात फिरवला आणि सूप बाजूला सारले. म्हणाली, "निवडल्याली डाळ मला कशाला देता? मी काय ल्हान पोर हाय का?"

मंडळी, हेच खरे मर्म आहे. म्हाताऱ्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी नको असते. आपण केले नाही तर ज्याच्यावाचून घराचे अडेल, असे काम त्याला हवे असते. लहानसे चालेल, पण खरे पाहिजे.

आपल्या जुन्या घरांत अशी कामे किती होती, आठवून बघा. आजोबा घायपाताच्या वाखाची दोरखंडे वळायचे, कासरे-मोरक्या करायचे. ते हात थांबले की बैल जुंपायचे अडायचे. आजी बियाणे राखायची. कणसे निवडून, उन्हे देऊन, राखेत घालून गाडगी उतरंडीला लावायची. पेरणीच्या दिवशी सगळ्या घराने तिच्या तोंडाकडे बघायचे. राखणीला म्हातारा, बाळंतिणीजवळ म्हातारी, गोधडीला टाके घालणारी म्हातारी. मग नायलॉनचा दोर आला, बियाण्याची पिशवी आली, कडबाकुट्टी आली, दारात नळ आला. या सगळ्यांनी आपले कष्ट वाचवले, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. नळ आल्यावर बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, तो परत चढावा असे कोण म्हणेल? पण त्याच ओघात म्हाताऱ्यांची कामे गेली आणि त्यांच्या जागी दुसरी काही द्यावीत हे कुणाच्या ध्यानात आले नाही. म्हणजे नुसते वय झाले म्हणून आपली माणसे रिकामी बसली नाहीत. त्यांचे काम गेले, म्हणून ती बसली.

आमच्याकडे चैत्रात दोन शेळ्या आल्या. दुष्काळात शेळीच परवडते. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, काहीही खाऊन राहते. शेळ्या आईच्या, असे सगळ्यांसमोर ठरले. त्यांना चारायचे तिने, पाजायचे तिने, करडे विकायची की ठेवायची ते तिने ठरवायचे आणि पैसे तिच्या कनवटीला. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे शेवटचे पाळणे आम्हाला सर्वांत जड गेले. ती काठी टेकत ओढ्याकडे निघाली की उठून मागे जावेसे वाटायचे. पहिले आठ-दहा दिवस ती वाटेतल्या चिंचेखाली बसून राहायची, पुढे जायचीच नाही. पण शेळ्या ओरडायच्या, तेव्हा उठावे लागायचे. ज्येष्ठात ती ओढ्यापर्यंत जाऊन येऊ लागली.

मध्ये एकदा भानगड झाली. शेळी सुटली आणि शेजारणीच्या वाळवणातल्या कुरडया तिने फस्त केल्या. मोठे भांडण झाले. थोरला म्हणाला, विकून टाका ही ब्याद. आई काही न बोलता शेजारणीकडे गेली आणि दोन सकाळी तिच्या कुरडया घालायला बसली. आठ महिने त्या घराचा उंबरा तिने ओलांडला नव्हता. शेळीने जे केले ते आम्हाला जमले नसते!

सगळेच परत आले असे मात्र नाही. काठी हातात राहिली ती राहिलीच. डोंगरावरच्या देवीला ती पूर्वी चालत जायची, ते आता होत नाही. वेळीच उठवली असती तर कदाचित झाले असते.

याचे कारण डॉक्टरांनी नंतर समजावून दिले. तरणा माणूस आठ-दहा दिवस पडून राहिला, तर त्याची ताकद लवकर भरून येते. म्हाताऱ्या माणसाचे तेवढ्याच दिवसांत मांड्यांचे मांस जास्त झडते आणि भरून यायला फार वेळ लागतो. पाय झडले की तोल जातो, तोल गेला की पडायची भीती बसते, भीतीने माणूस आणखी बसते आणि बसले की पाय आणखी झडतात. चार महिने दावणीला उभा ठेवलेला बैल एकदम नांगराला जुंपला तर तो बसतो, हे आपल्याला कळते. माणसाचे मात्र लक्षात येत नाही.

म्हणून ताकद हळूहळू आणायची. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी सांगितले आहे, की आठवड्यात निदान दीडशे मिनिटे जरा झपझप चालणे किंवा तेवढ्या मेहनतीचे काम व्हावे आणि तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा, ताकदीचा व्यायाम व्हावा. दीडशे मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. रानात हिंडणाऱ्याचे ते आपोआप होते. जो बाजेवर आहे त्याने बाजेपासूनच सुरुवात करावी. हात छातीशी धरून, कशाचाही आधार न घेता बाजेवरून उठायचे आणि हळू खाली बसायचे. आज पाच वेळा, महिन्याने दहा वेळा. भिंतीजवळ उभे राहून एक पाय उचलायचा आणि दहा अंक मोजायचे. जवळ कुणीतरी पाहिजे. नातवाला मोजायला बसवा, त्याचे अंक पाठ होतील. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा गुडघे सुजले असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पडायची कारणे काढून टाका. न्हाणीतल्या दगडावरचे शेवाळ खरवडून काढा. संडासात धरायला भिंतीत एक दांडा बसवा. रात्री ओसरी ते संडास वाटेवर दिवा ठेवा. झिजलेल्या चपला फेकून द्या. हल्ली नवे घर बांधले की आपण चकचकीत फरशी घालतो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पावसाळ्यात ओल्या पायाने तिच्यावर म्हातारे माणूस आले की काय होते ते पाहुण्यांना दिसत नाही. न्हाणीत आणि पायरीवर तरी खरबरीतच फरशी घाला. झोपेतून उठल्यावर एकदम उभे राहू देऊ नका. आधी बाजेवर पाय सोडून जरा बसावे, मग उठावे.

खाण्याचेही बघा. दात गेले की माणूस चहात भाकरी बुडवून दिवस काढतो. त्याने पोट भरते, अंगाला काही लागत नाही. दाट वरण, हुलग्याचे माडगे, दूध, चालत असेल त्याला अंडे, शेंगदाण्याचा बारीक कूट, यांतले काहीतरी रोज पोटात गेले पाहिजे. म्हातारपणी तहान कमी लागते. तेव्हा आता उन्हाळ्यात 'पाणी पाहिजे का?' असे विचारू नका, तांब्या भरून हातात द्या.

'वय झालं' हा आपला दुसरा मोठा घातक शब्द. आमच्या गावात एक आबा होते. पारावरचे बोलणारे माणूस. हळूहळू ते पारावर यायचे बंद झाले. आले तर कोपऱ्यात बसायचे, विचारले तर भलतेच उत्तर द्यायचे. लोक म्हणाले, आबा भ्रमिष्ट झाले. काही म्हणाले, पोराला नोकरी लागली तशी शिष्टाई आली. शेवटी नातीने दवाखान्यात नेले, तर दोन्ही कानांत मळाचे बोळे! ते काढल्यावर आबा दुसऱ्या दिवशी पारावर हजर. सगळ्यांचे बहिरेपण असे सुटत नाही, कुणाला यंत्र लावावे लागते. पण दाखवल्याशिवाय कळणार कसे? ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचे सोडते, बोलणे सोडले की लोक त्याला सोडतात.

डोळ्यांचे तसेच. मोतीबिंदू काढायची सोय सरकारी दवाखान्यात मोफत आहे, तरी 'आता काय वाचायचं राहिलंय' म्हणून लोक आंधळेपणाने दिवस काढतात. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, मन खचलेले असेल, ही सगळी दुखणी म्हातारपणाच्या पांघरुणाखाली लपतात. आणि एक लक्षात ठेवा. कालपर्यंत नीट बोलणारे माणूस आज एकाएकी बरळू लागले, तर ते वय नव्हे. ताप, लघवीचा जंतुदोष, साखर खाली-वर होणे, असे काहीतरी असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या दवाखान्यातल्या उपचारांची सोय झाली आहे. त्याचे कार्ड काढून ठेवा. दुखणे आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

आता सोबतीचे. घरात दहा माणसे असली म्हणजे सोबत असते, असे नाही. समवयस्क माणूस पाहिजे. जुन्या दुष्काळाच्या गोष्टी नातवापुढे किती वेळा सांगणार? पुण्या-मुंबईच्या पोरांचा फोन येतो, त्यात तोंडही दिसते, पण पारावर शेजारी बसून तंबाखू मळणारा माणूस फोनमध्ये बसत नाही. (तंबाखू सोडावी हे खरेच. आधी माणूस पारावर तर येऊ दे.)

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती काढली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी शाळेत जात. पोथी आपली आपल्याला वाचता यावी ही त्यांची इच्छा होती. शिकवणारी बाई त्यांच्यातल्याच एका आजीची सून होती. किती जणींना धडाधड वाचता आले, हा प्रश्न मला मोठा वाटत नाही. रोज दुपारी घरातून निघायला कारण मिळाले, नेसायला वेगळे लुगडे मिळाले, शेजारी बसायला मैत्रीण मिळाली. आणि सुनेसमोर पाटी घेऊन बसायचे म्हणजे गंमतच!

वारीतही हेच बघतो. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करीत नातेपुत्याकडे जाते, तेव्हा आमच्या भागातले लोक दर्शनाला जातात. सत्तरी ओलांडलेले किती वारकरी त्या दिंड्यांतून चालतात! घरी परसदारी जायला काठी मागणारे माणूस आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर जाते. भक्ती तर आहेच. पण दिंडीत त्याची जागा ठरलेली असते, हातात टाळ असतो, तो आला नाही तर मागचा-पुढचा विचारतो, 'अमके कुठं दिसले न्हाईत?' गावात असे विचारणारे कोण असते? भजनी मंडळ, काकडा, बचतगटाच्या हिशेबाला साक्षी म्हणून बसणे, अंगणवाडीत दुपारी गोष्ट सांगणे, काहीही असो. न आल्यास कुणीतरी घरी येऊन चौकशी केली पाहिजे, एवढे बघा.

आणि बियाण्यांचे तर विचारू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाण जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. घेवडा, वाल, भोपळा यांचे असे वाण तुमच्याही आईच्या लक्षात असतील. परसातले दोन गुंठे तिच्या ताब्यात देऊन बघा. मात्र 'हे लाव, ते लावू नको' असे सांगत मागे उभे राहू नका.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांनाही सांगतो, त्यांनी राग मानू नये. काम पाहिजे म्हणून सगळ्याच कामांत हात घालायचा आणि पोराने कांद्याला खत टाकले की बांधावरून ओरडायचे, हे बरे नव्हे. आपले एक काम धरा, त्यात कुणाचे ऐकू नका, आणि बाकीचे पोरांवर सोडा. आमचे वडील असताना विहिरीची मोटार कधी सुरू करायची यावरून रोज वाद व्हायचा. दोघांचीही चूक असायची.

आईच्या दोन शेळ्यांच्या आता सात झाल्या आहेत. ती ऐंशीच्या घरात आली. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून एस्टीला तिकीट नाही, त्यामुळे ती महिन्यातून एकदा मावशीच्या गावी जाऊन येते. मावशी नाही, पण तिची सून आहे, नातवंडे आहेत. जाताना आम्हाला विचारत नाही, सांगून जाते. एस्टीच्या पायरीवर कंडक्टर हात देतो.

हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "समदं लिव्हलंस. म्हस कितीला घातलीस त्ये न्हाई लिव्हलंस."

ते मी लिहिणार नाही. तुमच्या घरात वडील माणसांकडे कोणते काम आहे, कसे जमले, कुठे फसले, ते मात्र पत्र टाकून जरूर कळवा. पुढच्या अंकात उन्हाळी भाजीपाल्याकडे वळू.